पत्र्याची तलवार

सत्काराला आणलेली तलवार पारखायची तर गाव लालासाहेबांकडे यायचं. त्यांचा मुलगा सैन्यात भरती झाला, तेव्हा मात्र कुणी विचारलं नाही. त्याच्या सत्काराच्या सभेतच त्यांनी त्याला मिळालेल्या तलवारीचं पातं आडवं वाकवून सोडलं. ते वाकडंच राहिलं. "पत्रा हाय." मुलगा हसला. "आबा, मी हीच घिऊन लढनार हाय व्हय?" गुडघ्यावर दाबून त्यानं ती जमेल तेवढी सरळ केली. दुसऱ्या वर्षी तो तिरंग्यात आला. श्रद्धांजलीला गावानं पुन्हा तलवार दिली. लालासाहेबांनी सवयीनं पातं वाकवलं. ते लगेच जागेवर आलं. "अस्सल पोलाद," ते म्हणाले. गावानं चूक सुधारली होती. खंडेनवमीच्या पूजेला त्यांनी पत्र्याचीच काढली. बायको म्हणाली, "आवं, जरा सरळ तरी करा." त्यांनी ती गुडघ्यावर घेतली, पण दाबली नाही. "ऱ्हाऊ दे. पोरानं केलीया तेवढी बास."