स्टूलची उंची

"मोठा ड्रमसेट हवाय, हेवी मेटल वाजवायला. पण बजेट बेताचंच आहे," तो आल्याआल्या म्हणाला. दुकानदारकाकांनी कोपऱ्यातला वापरलेला सेट दाखवला.

"ड्रम जुने चालतील, काका. पेडल मात्र नवं द्या. मेटलमध्ये सगळा जीव पायात असतो."

मुरलेलं गिऱ्हाईक बघून काका खूश झाले. त्याने एकट्या डाव्या हाताने सगळी मांडामांड केली. सिंबलच्या थाळ्या जवळ ओढल्या, स्टूल पार खाली घेतलं आणि बसून पाहिलं. त्याचे गुडघे छातीला टेकायला आले.

"दादा, तुमच्या उंचीला हे फार बुटकं होतंय."

"असू दे. नवा ड्रमर बुटकाच आहे. स्टूलवर इथेच खूण करून द्या, म्हणजे त्याला उंची शोधत बसायला नको."

"मग तो का नाही आला?"

"बँडने मलाच पाठवलं. इतकी वर्षं मीच वाजवत होतो ना."

काकांनी स्टिक्स पुढे केल्या. "मग जाताजाता वाजवून तरी बघा."

त्याने खिशातला उजवा हात बाहेर काढला. स्टिक तळव्यावर ठेवली, पण बोटं मिटली नाहीत.

"तुम्हीच वाजवा, काका," तो स्टूलवरून उठत म्हणाला. "मला आता समोर उभं राहून ऐकायची सवय करायचीय."