लाल दोऱ्याचे टाके

सेलिंग क्लबचे अध्यक्ष बूट न काढताच आत आले आणि शिडाचं गाठोडं माझ्या शिलाई मशीनवर आदळलं. वर क्लबचं ताजं बातमीपत्र ठेवलं. पहिल्याच पानावर ठळक बातमी: 'वादळाशी दोन दिवस एकाकी झुंज, अध्यक्ष सुखरूप परत.' खाली आगामी कार्यक्रम. रविवारी यांचंच व्याख्यान, 'वादळात शीड कसं सांभाळावं'.

"फार ताणलं गेलंय हो मावशी. तुम्हाला इथे पंख्याखाली बसून कल्पना नाही यायची. नीट बघून द्या."

नीट बघितलं. शिवलेलं शीड वाटेत सुटू नये म्हणून मी घडीला लाल दोऱ्याचे चार टाके घालून देते. ते कापल्याशिवाय शीड उघडतच नाही. गेल्या वर्षी घातलेले चारही टाके शाबूत होते, आणि त्यात अडकवलेली माझी तारखेची चिठ्ठीसुद्धा.

शनिवारी ते पुन्हा बुटांसकट आले. "झालं ना? उद्या भर सभेत उलगडून दाखवायचंय."

मी गाठोडं होतं तसंच त्यांच्या हातात दिलं.

"दाखवा की. कात्री तेवढी जवळ ठेवा."