छोटंच हवं

"वजन किती हिचं?" तोमिएने विचारलं.

तिच्या मांडीवर चढून बसलेली तपकिरी कुत्री तिची हनुवटी चाटत होती आणि तोमिए चक्क हसत होती. शुइची गेल्यापासून सातोमीने सासूला असं हसताना पाहिलं नव्हतं. शुइची तोमिएचा एकुलता एक मुलगा, सातोमीचा नवरा. तो वारल्यावर तोयामातल्या त्या घरात या दोघीच उरल्या होत्या.

"नऊ किलो," टाकलेल्या कुत्र्यांचा निवारा चालवणाऱ्या हिरासावाबाई म्हणाल्या. "पण स्वभावाने अगदी गाय आहे हो."

तोमिएने कुत्रीला उचलून खाली ठेवलं. "नको. मला छोटंच हवं."

सातोमी मनातल्या मनात चरफडली. हीच बाई गेल्या आठवड्यात तांदळाचं पोतं एकटीने घरात घेऊन आली होती. पण म्हातारपणी एकदा लहर आली की आली.

कुत्र्यांच्या या भेटीला निवाऱ्यात लग्नासाठी मुलगी पाहण्याचाच शब्द वापरायचे, आणि तोमिए स्थळंही त्याच थाटात नाकारत गेली. हा जाड, तो अजून वाढेल. शेवटी राहिली चिवावा जातीची एक वयस्कर, इवलीशी कुत्री. पिल्लांच्या धंद्यात पिळून घेऊन टाकून दिलेली. पुढचे दात पडल्यामुळे तिची जीभ कायम बाहेर लोंबत होती. नाव किनाको. ती कोपऱ्यात थरथरत उभी होती.

"हिचं वजन?"

"साडेतीन किलो. पण आजी, ही पटकन कुणाला जवळ करत नाही. जो रोज खायला घालेल त्याचीच होईल."

"मग तर बरंच," तोमिए म्हणाली.

"आणखी एक आहे." हिरासावाबाई सातोमीकडे वळल्या. "पासष्टीच्या पुढच्यांना आम्ही कुत्रं एकट्याच्या भरवशावर देत नाही. घरातल्या तरुण माणसाने हमी घ्यायची. पुढेमागे आजींना जमलं नाही तर ते सांभाळायचं."

सातोमीने पर्समधून सहीऐवजी उठवायचा आपला शिक्का काढला आणि क्षणभर तो नुसताच हातात धरला. जानेवारीत तिने तो नागोयातल्या एका खोलीच्या करारावर उठवला होता. तिथे नोकरी लागली होती, एप्रिलमध्ये हजर व्हायचं होतं. उरलेलं आयुष्य या घरात सुकवायचं नाही, हे तिचं ठरलं होतं. सासूला सांगायचं मात्र धाडस होत नव्हतं. म्हातारीला एकटं टाकून चालली, असं गल्ली म्हणेल. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाच ते खरं वाटत होतं.

कुत्रं असेल तर घर अगदीच रिकामं राहणार नाही. तिने शिक्का उठवला.

घरी आल्यावर तोमिएने हात वर केले. "सातोमी, तिला खायला घाल गं." "जरा फिरवून आण, माझे गुडघे बोलतायत." किनाकोचं अंथरूणही सातोमीच्याच खोलीत पडलं, कारण तोमिएच्या खोलीत म्हणे गारठा फार. किनाको कधी चुकून तोमिएच्या पायाशी गेलीच, तर ती पायाने तिला हळूच बाजूला सारायची.

"आई, कुत्रं तुम्हाला हवं होतं ना?" एकदा सातोमी वैतागून म्हणाली.

"होतंच की. होईल सवय हळूहळू."

सवय झाली ती किनाकोला, आणि सातोमीला. दारात चपला वाजल्या की ते साडेतीन किलोचं प्रकरण आनंदाने लादीवरून घसरत यायचं. सातोमी तिच्याशी बोलायला लागली. आधी थोडं, मग दिवसभराचं सगळं. एका संध्याकाळी तोमिए चहा घेऊन दाराशी आली, आतलं हसणं ऐकत थांबली आणि चहा तसाच घेऊन परत गेली.

मार्च संपत आला. एका सकाळी जेवताना सातोमीने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"आई, मी एप्रिलपासून नागोयाला जातेय. नोकरी लागलीय. आधीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण आता तुमच्या सोबतीला किनाको आहे, म्हणून..." किनाको तिच्याच मांडीवर झोपली होती.

तोमिएने शांतपणे भाताचा घास संपवला.

"माझ्याजवळ येते का ती?"

"तुम्ही खायला घाला, येईल. मी लवकर सांगितलं असतं तर मी तिला इतका लळा लावलाच नसता."

"लागू दे लळा. मला इथे गल्लीभर माणसं आहेत, शुइचीची समाधीही जवळच आहे. तुला तिथे कोण आहे?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सातोमीने विचारलं.

"तुझ्या नागोयाच्या घरमालकाचा फेब्रुवारीत फोन आला होता, तू कामावर होतीस," तोमिए वाडग्यात सूप ओतत म्हणाली. "मी विचारून घेतलं. पाच किलोच्या आतलं कुत्रं चालेल म्हणाला."