रामीबाई उतरली

बसचं पोट रुळावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली.

अनसिंगजवळचं ते फाटक. नवी गिट्टी टाकून रूळ उंच केले होते, रस्ता मात्र तसाच खाली राहिला होता. त्यात ही जुनी ट्रॅव्हल्स. ऊसतोडीला निघालेला अख्खा तांडा तिच्यात कोंबलेला. डिक्कीत पोती, टपावर भांडीकुंडी. दुसरी गाडी करायला मुकादम प्रेमसिंगनं साफ नकार दिला होता. ओझ्यानं बस पार खाली बसली होती.

फाटकवाला फुलचंद खिडक्यांवर थापा मारत ओरडला, "उतरा लवकर! रेल्वे येऊन राह्यली!"

स्टेशनचा फोन लागत नव्हता. तो लाल झेंडी घेऊन रुळाच्या कडेनं पळत सुटला.

"कोनी हलू नका," प्रेमसिंग दारात आडवा झाला. "एकडाव उतरले का पुन्हा बसवता बसवता दिवस जाईन. ड्रायव्हर, दाब अजून!"

धूर निघाला. खाली लोखंड करकरलं. बस हलली नाही.

त्याची बायको रामीबाई सकाळपासून वैतागली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. काही बोललं की नवरा म्हणे, गप बस वं. आता ती उठली. नात रंजीताचा हात धरला, प्रेमसिंगला कोपरानं बाजूला सारलं आणि खाली उतरून तांड्याच्या दिशेनं चालू लागली.

"अवं, कुठं चालली?"

ती चालतच राहिली.

आपली लेक आजीबरोबर गेली म्हणून सून सरिता मागं धावली. ते पाहून बाकीच्या बायांनी आपापली लेकरं उचलली. बाया उतरल्या तसे बापेही उतरले. ओरडणारा प्रेमसिंगही त्या लोंढ्यात बाहेर ढकलला गेला.

बस हलकी झाली, बोटभर वर आली. ड्रायव्हरनं जोर लावला. एक हिसका बसला आणि ती खरवडत पलीकडे निघाली.

तेवढ्यात वळणावरून रेल्वे आली. झेंडी पाहून ब्रेक लागले होते, तरी ती किंचाळत घसरत राहिली. इंजिन थांबलं ते फाटकाच्या मधोमध. मघाशी बस होती तिथं.

रामीबाईनं एकदा मागं वळून पाहिलं, नातीला पोटाशी धरलं आणि पुन्हा चालू लागली.

प्रेमसिंगनं तिला पळत गाठलं.

"रामी, तुले कळलं म्हनून सारे वाचले. मी ऐकलं नाई. चाल आता, समोरची सीट तुले देतो."

"मले काय कळते गाडीतलं?" रामीबाई थांबली नाही. "पोरीची शाळा बुडून राह्यली. मी तिले घेऊन घरी चालली होती, अन् अजूनबी तिकडंच चालली."