टिटवीचं स्वागत

"मग, यंदा अंडी कधी?" देवेश सरांनी विचारलं. जणू सुनेला पाळणा कधी हलणार ते विचारत होते.

घोडबंदर रोडवरच्या त्या ऑफिसात एसी असा, की क्षिप्राने ओढणी शालीसारखी लपेटून घेतली होती. वाढत्या उन्हात माळावरचे पक्षी कसे तगतील, हा तिचा अभ्यास. त्याला कंपनीने पुढेही पैसे द्यायचे की नाही, ते सर आज ठरवणार होते. तिचा आणि शेजारी बसलेल्या साकेतचा पगार त्यातूनच निघायचा.

"गेल्या वर्षी काय मजा आली! डोक्यावर काय ओरडत होती ती टिटवी. तुम्ही म्हणालात, स्वागत करतेय."

म्हणाली होती खरी. शीळफाट्याजवळचा माळ, एप्रिलची भर दुपार. उघड्या जमिनीवर अंडी आणि भोवती पाहुण्यांचं कोंडाळं. कंपनीचा बॅनर वाऱ्याने सारखा उलटा होत होता, त्यामुळे फोटो काही मनासारखा येईना. अशा उन्हात टिटवी पोट भिजवून येते, अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. तिला खाली उतरायला जागाच नव्हती. ती वर घिरट्या घालत किंचाळत राहिली.

"ताई, बास आता," साकेत कानाशी पुटपुटला होता.

"अरे, एकच फोटो."

अंडी उन्हात शिजली. अहवालात क्षिप्राने कारण लिहिलं, उष्णतेची लाट. अगदीच खोटं नव्हतं म्हणा. पण तेव्हापासून घरात कुकरची पहिली शिट्टी झाली, की ती धावत जाऊन गॅस बंद करी.

"यंदा आमचं अख्खं बोर्ड येणार," सर खुशीत म्हणाले. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाहीत हो ते. आणि पक्षीच नसतील, तर पैसे तलाव सफाईला देऊ. काय?"

"सर, यंदा टिटवी आलीच नाही," क्षिप्रा म्हणाली.

साकेतने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"अरेरे," म्हणत सरांनी फाइल मिटली.

टेबलाखाली क्षिप्रा सलवारीत रुतलेली कुसळं एकेक करून उपटत होती. सकाळीच ती माळावर जाऊन आली होती. अंडी तिने लांबूनच पाहिली, आणि टिटवीवर ओरडायची वेळ येण्याआधीच मागे फिरली.