चाकावरचे दोन हात

पेपरातल्या फोटोत एक लोखंडी चाक होतं, त्यावर दोन हात, वर अर्धा चेहरा. बाकी काही नव्हतं. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : 'इंदापूरचं पाणी बापूसाहेबांच्या उसाला!'

हात स्वप्नालीच्या वडिलांचे, सोनबांचे. सव्वीस वर्षं ते कालव्यावर चाक फिरवून पाण्याची दारं उघडणारे-लावणारे पाटकरी होते. इंदापूरच्या पाणीपाळीच्या दिवशी, बारामतीचे पुढारी बापूसाहेब यांच्या उसाला जाणाऱ्या पिंपळीजवळच्या चारीचं दार कुणीतरी उघडलं. आपण ते बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पण पंच्याण्णवची निवडणूक तोंडावर होती. इंदापुरात मोर्चा निघाला आणि सोनबा निलंबित झाले.

स्वप्नाली फिजिक्सची पदवीधर. थांबलेल्या चित्रावरून चाक कुठल्या बाजूला फिरतंय ते कळत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाच्याच डोक्यात येऊ नये, याचा तिला संताप आला.

"जाऊ दे, पोरी," सोनबा म्हणाले. "पेन्शन ग्येली तर ग्येली."

ती एसटीनं इंदापूरला गेली. तो फोटो काढणारा सावळाराम स्टुडिओत एकटाच होता. आजूबाजूचं का कापलं, असं तिनं विचारलं.

"जेवढं दावता आलं तेवढं दावलं, ताई."

"विकलो गेलो, असं सरळ म्हणा ना."

तिनं अख्खा रोल मागितला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नगा मागू."

मग तिनं चौकशी अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. तीन खेपा घातल्यावर हुकूम निघाला.

सोमवारी बारामतीच्या कचेरीत सावळारामनं सहा मोठे फोटो टेबलावर मांडले, निगेटिव्हवरच्या नंबरांप्रमाणे, ओळीनं. सहाही फोटोंत सोनबा एकटेच, हात चाकावर. दाराच्या पलीकडे, चारीत, पाणी मोजायची पट्टी उभी होती. छापलेल्या फोटोत ती नव्हती. दार लागत गेलं असेल तर पाणी उतरत गेलेलं दिसणार. स्वप्नालीचा जीव भांड्यात पडला. हे कापलं होतं तर!

पट्टीवरचे आकडे अधिकाऱ्यांना लागेनात. त्यांनी भिंग तिच्यापुढे सरकवलं. "तुम्ही सायन्सच्या ना? वाचा. मी लिहून घेतो."

तिनं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सोनबा खिडकीबाहेर बघत होते.

"पहिल्या फोटोत," ती म्हणाली, "अठरा सेंटिमीटर. सहाव्यात एकोणचाळीस."