सीडीवरची वाफ



वहिनी दुपारी दुकानात आली ती सीडी घेऊनच. "भाऊजी, ह्यांचा आवाज एवढ्या एकाच सीडीत उरलाय. घरच्या कॉम्प्युटरवर लागतच नाही."

दादाला जाऊन वर्ष झालं होतं. हे दुरुस्तीचं दुकान त्याचंच, मला काम शिकवलं तेही त्यानेच.

इथेही तीच तऱ्हा. सीडी फिरायची, कुरकुरायची आणि गप्प व्हायची. केबल बदलली, ड्राइव्हची लेन्स पुसली, पण काही उपयोग झाला नाही.

"हे असते तर हाऽ करून पुसली असती," वहिनी हसत म्हणाली.

दादाची ती खोडच होती. सीडीवर तोंडाची वाफ सोडायची आणि शर्टाच्या टोकाने पुसायची. ओलाव्याने लेन्स खराब होते म्हणून मी किती भांडायचो त्याच्याशी!

वैतागून मी सगळ्या वायरी काढल्या आणि ड्राइव्ह टेबलावर आणून ठेवला. सीडी आतच अडकली होती. पुढच्या बारीक भोकात पिन खुपसली, तसा ट्रे बाहेर आला.

सीडी वाफेने पांढरी झाली होती.

"आता तुम्ही फुंकर मारलीत का?" वहिनीने विचारलं. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

मी नकारार्थी मान हलवली. आमच्या डोळ्यांदेखत वाफ हळूहळू विरली आणि सीडी लख्ख झाली. मी घाबरून ट्रे आत ढकलला.

बंद ड्राइव्हच्या आतून, अगदी जवळून, आवाज आला.

"हाऽ."